दोन काकड्यांचा खटला

२०११च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत धडधाकट माणसं रक्ताच्या जुलाबांनी दवाखान्यात भरती होऊ लागली. त्यातल्या बऱ्याच जणांची मूत्रपिंडं काही दिवसांत बंद पडत होती. २६ मे रोजी हॅम्बुर्गच्या आरोग्य खात्याने गुन्हेगार सापडल्याचं जाहीर केलं: स्पेनहून आलेली काकडी. बाजारातल्या काकड्यांचे नमुने तपासले होते, त्यांत विषारी ई. कोलाय मिळाला होता. मग काय, युरोपभर स्पॅनिश भाजीपाल्याच्या गाड्या परत फिरल्या, शेतकऱ्यांनी उभं पीक नांगरलं, आणि स्पेनचे निर्यातदार आठवड्याला २० कोटी युरोंचं नुकसान सांगू लागले. पाच-सहा दिवसांनी तपासणीचा पुढचा अहवाल आला. काकडीवर विषारी ई. कोलाय होता हे खरंच, पण रुग्णांच्या पोटात होता तो हा नव्हे. काकडी सुटली.

चार वर्षांनी, २०१५ साली, अमेरिकेत पुन्हा काकडीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. ही मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया भागातली. ४० राज्यांत मिळून ९०७ माणसं आजारी पडली, सहा दगावली. या वेळी रुग्णांकडचा जंतू आणि काकडीवरचा जंतू जुळला आणि काकडी दोषी ठरली. त्या जंतूचं नाव आपल्या वाचकांना दचकवणारं आहे: साल्मोनेला पूना.

एक सुटली, दुसरी अडकली, ती कशाच्या आधारावर? दोन्हीकडे जंतू सापडला होता. पण ‘जंतू सापडला’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. ई. कोलाय तुमच्या-माझ्या आतड्यात आत्ता या क्षणी सुखाने नांदतो आहे. कोंबडीच्या मांसात साल्मोनेला मिळाला, तर त्यात बातमी होण्यासारखं काही नाही. प्रश्न असतो तो वाणाचा. एकाच जातीच्या जीवाणूंमधले वेगवेगळे वाण ओळखायचे कसे, आणि रुग्णाच्या शौचातला वाण आणि कारखान्याच्या नाल्यातला वाण एकच आहे हे म्हणायचं कुठल्या बळावर? गेली नव्वद-शंभर वर्षं सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यासाठी एकामागून एक पद्धती काढत आले आहेत. नव्या पद्धतीने जुनीला मोडीत काढलं, अशी ती कहाणी सहसा सांगतात. मला ती तितकी सरळ वाटत नाही.

सुरुवात पूनापासूनच करू. साल्मोनेलाचा एखादा नवा प्रकार सापडला की तो ज्या गावी सापडला त्या गावाचं नाव त्याला द्यायचं, अशी रीत दीर्घकाळ होती. म्हणून या कुळात हायडेलबर्ग आहे, डब्लिन आहे, मॉन्टेव्हिडिओ आहे, मायामी आहे. १९३०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा सापडलेला प्रकार ‘पूना’ झाला. शहराचं नाव बदलून पुणे झालं तरी जंतूचं पूनाच राहिलं. एवढ्यावरून हा आजार पुण्याहून पसरतो असं कोणी समजू नये. अमेरिकेत २००० ते २००२ या तीन वर्षांत पूनाच्या साथी आल्या त्या मेक्सिकोच्या खरबुजांतून, आणि नंतर काही आल्या पाळीव कासवांतून. नावाचा आणि उगमाचा संबंध तिथेच संपतो.

हा प्रकार ठरवतात त्या पद्धतीला सीरोटायपिंग म्हणतात. जीवाणूच्या अंगावर दोन गोष्टी तपासायच्या: बाह्य आवरणावरच्या शर्करासाखळ्या, त्यांना ‘ओ’ म्हणतात, आणि पोहायला वापरल्या जाणाऱ्या शेपट्यांवरची प्रथिनं, त्यांना ‘एच’. काचेच्या पट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब घ्यायचा, त्यात तारेच्या टोकाने थोडी वसाहत कालवायची, ती एकसारखी दुधाळ झाली पाहिजे. मग त्यात विशिष्ट प्रतिपिंडं असलेलं सीरम घालायचं आणि पट्टी दिव्यासमोर धरून हळूहळू पुढे-मागे कलवायची. त्या ओ-एचची ओळख पटली तर मिनिटाभरात दुधाळपणा फाटतो आणि पांढरे कण दिसू लागतात. नाही पटली, तर थेंब तसाच गढूळ राहतो. अशा एकेका सीरमने तपासत तपासत सूत्र तयार होतं. पूनाचं सूत्र आहे १, १३, २२ : झेड : १, ६. काउफमान आणि व्हाइट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कोष्टकात आज अडीच हजारांहून जास्त प्रकार आहेत. भारतात या कामासाठी कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत राष्ट्रीय केंद्र आहे.

अडीच हजार हा आकडा ऐकून वाटतं, झालं की काम. पण हे आडनावासारखं आहे. पुण्यात ‘जोशी’ हवेत म्हणून निघालात तर मिळालेली माहिती खोटी नसते, फक्त तिचा उपयोग नसतो; ‘घैसास’ म्हणालात तर चार दारांत काम होतं. पूना हा साल्मोनेलातला घैसास. दुर्मीळ प्रकार एकदम शेकडो रुग्णांत दिसला की नुसत्या नावावरून साथीचा वास येतो. पण जगभर माणसांना होणारे साल्मोनेलाचे बहुसंख्य आजार एन्टेरिटिडिस आणि टायफिम्युरियम या दोनच प्रकारांचे असतात, आणि तिथे हे नाव हाती येऊनही आपण जिथल्या तिथेच.

मग जोशांमधले कुठले जोशी, हे शोधायला विषाणूंची मदत घेतली गेली. जीवाणूंना खाणारे विषाणू असतात. ठरावीक विषाणूंचे थेंब जीवाणूंच्या थरावर टाकायचे आणि कुठल्या थेंबाखाली थर विरघळला ते पाहून क्रमांक द्यायचा. फाज टायपिंग नावाची ही पद्धत ब्रिटनने अनेक दशकं चालवली. भारतातही टायफॉइडच्या जंतूंसाठी दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात असं केंद्र होतं. १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये अंड्यांतून जो साल्मोनेला पसरला तो एन्टेरिटिडिस, फाज प्रकार ४. त्यावरून डिसेंबर १९८८ मध्ये कनिष्ठ आरोग्यमंत्री एडविना करी यांनी देशातलं बहुतेक अंडी-उत्पादन बाधित असल्याचं विधान केलं, अंड्यांचा खप कोसळला आणि दोन आठवड्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. पद्धत स्वस्त होती, पण थेंबाखाली ‘पूर्ण विरघळलं’ की ‘अर्धवट विरघळलं’ हे तपासनिसाच्या नजरेवर होतं, आणि ते विषाणूंचे संच जगात मोजक्याच प्रयोगशाळांकडे होते.

इथवर आपण जीवाणू कसा दिसतो, कसा वागतो ते पाहत होतो. अख्ख्या डीएनएकडे थेट बघायची सोय झाली ती १९८४ मध्ये. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डेव्हिड श्वार्ट्झ आणि चार्ल्स कँटर यांनी यीस्टच्या गुणसूत्रांवर काम करताना एक अडचण सोडवली. डीएनएचे तुकडे जेलमध्ये विजेच्या दाबाखाली सरकवले की लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात; हे आधीपासून माहीत होतं. पण तुकडा फार मोठा, पन्नास हजार अक्षरांच्या पलीकडचा झाला, की लहानमोठं सगळं एकाच वेगाने सरकतं आणि जेलवर नुसता एक जाड पट्टा उमटतो. त्यांनी काय केलं, तर विजेची दिशाच दर थोड्या वेळाने बदलली. दिशा बदलली की प्रत्येक तुकड्याला वळावं लागतं, आणि लांब तुकड्याला वळायला वेळ लागतो. त्या उशिरामुळे मोठे तुकडेही एकमेकांपासून वेगळे होऊ लागले. पल्स्ड-फील्ड जेल इलेक्ट्रोफोरेसिस असं लांबलचक नाव पडलं. प्रयोगशाळेत सगळे पीएफजीई म्हणतात.

हे काम हातानं कसं होतं, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यात आहे. ई. कोलाय किंवा साल्मोनेलाचा डीएनए म्हणजे पन्नास लाखांच्या आसपास अक्षरांचा एकच लांब धागा. तो नळीत काढून पिपेटने ओढला तरी तुटतो. म्हणून जीवाणू फोडायच्या आधीच त्यांना वितळलेल्या अगारोजमध्ये मिसळून छोट्या साच्यात ओततात. थिजलं की नखाएवढी पारदर्शक वडी तयार होते. त्या वडीतच, म्हणजे धाग्याला बोट न लावता, प्रथिनं पचवणारं विकर घालून जीवाणू विरघळवतात. मग वडी पाण्याने आणि द्रावणाने पुन:पुन्हा धुवायची. ही धुण्याची पायरी कंटाळवाणी असते आणि घाईत माणूस तिथेच चुकतो. विकर शिल्लक राहिलं तर पुढचं सगळं वाया जातं. मग ब्लेडने वडीचा दोन मिलिमीटरचा काप घ्यायचा आणि तो एक्सबीए-वन नावाच्या दुसऱ्या विकरात ठेवायचा. हे विकर डीएनएवर सहा अक्षरांची एक विशिष्ट ओळ दिसेल तिथेच कापतं आणि साल्मोनेलाच्या अख्ख्या धाग्यात अशा जागा दहा-वीसच असतात. कापलेला काप जेलच्या खाचेत बसवायचा, यंत्र चालू करायचं आणि घरी जायचं. अठरा-एकोणीस तासांनी जेल रंगवून अतिनील प्रकाशात धरलं की प्रत्येक नमुन्याखाली आडव्या रेघांची एक उतरंड दिसते. दोन रुग्णांच्या रेघा एका उंचीवर आल्या तर वाण एकच असण्याची शक्यता. एक-दोन रेघा इकडेतिकडे झाल्या तर? त्यासाठी १९९५ मध्ये टेनोव्हर आणि सहकाऱ्यांनी नियम लिहिले: दोन-तीन रेघांचा फरक असेल तर जवळचं नातं, चार ते सहा असेल तर कदाचित, सात किंवा जास्त असतील तर परका.

या पद्धतीची परीक्षा १९९३ मध्ये झाली. जॅक इन द बॉक्स या साखळी हॉटेलांचे अर्धकच्चे बर्गर खाऊन अमेरिकेच्या पश्चिम भागात सातशेहून अधिक माणसं आजारी पडली आणि चार मुलं गेली. जंतू होता ई. कोलाय ओ१५७:एच७. अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्राने पीएफजीईने दाखवून दिलं की रुग्णांकडचे आणि मांसाच्या टिकियांमधले जंतू एकाच वाणाचे आहेत. पण निकाल येईपर्यंत साथ बरीच पुढे गेलेली होती. वेगवेगळ्या राज्यांच्या प्रयोगशाळांनी हीच तपासणी एकाच रीतीने करून एकमेकांशी ताडून पाहिली असती, तर किती आधी कळलं असतं, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. त्यातून १९९६ मध्ये पल्सनेट हे जाळं तयार झालं. ते उभं करणाऱ्यांमध्ये बाला स्वामिनाथन हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ अग्रभागी होते.

पल्सनेटने काय केलं, ते शास्त्रीय शोध म्हणून फार मोठं नाही. त्यांनी सगळ्यांना एकाच पाककृतीला बांधून घातलं. विकर तेच, तापमान तेच, वीज तितकीच, तास तितकेच. प्रत्येक जेलमध्ये ठरावीक खाचांत साल्मोनेला ब्रेन्डरपचा एकच प्रमाण वाण बसवायचा, म्हणजे सिअॅटलचं जेल आणि बॉस्टनचं जेल यांची मापं जुळवता येतील. तपासनिसांना परीक्षा द्यावी लागे, त्यात पास झाल्याशिवाय त्यांचा निकाल जाळ्यात घेत नसत. याचा परिणाम असा, की एका राज्यात चार रुग्ण, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन असे विखुरलेले आजार, जे स्थानिक डॉक्टरला कधीही साथ म्हणून दिसले नसते, ते अटलांटाच्या संगणकावर एका रेषेत आले. माझं मत असं, की अन्नविषबाधेच्या तपासात खरी क्रांती या शिस्तीने केली. वाण ओळखायच्या दुसऱ्या पद्धती तेव्हाही होत्या, पण प्रत्येक प्रयोगशाळा आपापली चालवत होती आणि एकीचा निकाल दुसरीच्या कामाचा नव्हता.

शिस्तीलाही मर्यादा असते. २०१० मध्ये अमेरिकेत अंड्यांतून साल्मोनेला एन्टेरिटिडिस पसरला. रुग्णांकडे ज्या रेघा मिळाल्या, तो नमुना त्या प्रकारातला सगळ्यात सर्वसाधारण नमुना निघाला. दर महिन्याला, कुठलीही साथ नसताना, देशभर त्याचे रुग्ण मिळतच असत. तरी तपास लागला, पण तो रेघांच्या बारकाव्याने नव्हे. नेहमीपेक्षा संख्या अचानक वाढली हे आकडेवारीने दाखवलं आणि आजारी पडलेल्यांनी काय खाल्लं ते विचारत विचारत गाडी अंड्यांवर येऊन थांबली. पन्नास कोटींहून जास्त अंडी परत मागवावी लागली. त्या साथीशी जोडलेले रुग्ण १,९३९ होते, पण त्यांतला नेमका कोण अंड्यामुळे आणि कोण भलत्याच कशामुळे आजारी पडला, हे एकेकट्या रुग्णाबाबत पीएफजीईला सांगता येत नव्हतं.

अशा एकसारख्या दिसणाऱ्या वाणांना वेगळं करायला एमएलव्हीए आली. डीएनएमध्ये काही ठिकाणी एकच छोटा मजकूर पाठोपाठ अनेकदा येतो. तो किती वेळा आला ते मोजायचं. ही संख्या पटकन बदलते, म्हणून फरक दिसतात. युरोपात टायफिम्युरियमसाठी ती बरीच वापरली गेली. तिची अडचण अशी, की ती पटकन बदलते म्हणूनच एकाच साथीत दोन आकडे दिसू शकतात, आणि एका जीवाणूसाठी बेतलेली पद्धत दुसऱ्याला चालत नाही.

एमएलएसटीचा स्वभाव नेमका उलटा. मार्टिन मेडन आणि सहकाऱ्यांनी ती १९९८ मध्ये मेंदुज्वराच्या जंतूसाठी मांडली. जीवाणूच्या रोजच्या कामाची सात जनुकं घ्यायची, त्यांचे तुकडे अक्षरशः वाचायचे, प्रत्येक जनुकाच्या आवृत्तीला एक आकडा द्यायचा आणि अशा सात आकड्यांच्या प्रत्येक जोडणीला एक क्रमांक, म्हणजे एसटी, द्यायचा. अक्षरं वाचलेली असल्यामुळे नजरेचा वाद नाही, जगात कुठेही काढलेला क्रमांक तोच. पण ही जनुकं इतकी सावकाश बदलतात, की साथीतला शेजारी-शेजारीचा फरक तिला दिसत नाही. ती घराण्याचा इतिहास सांगते, कालच्या जेवणाचा नाही. त्या इतिहासाचं एक उदाहरण आपल्या देशातलंच आहे. कच्च्या किंवा अर्धकच्च्या मासळीतून पोटात जाणारा विब्रिओ पॅराहीमोलिटिकस १९९६च्या फेब्रुवारीत कोलकात्यात एका नव्या वाणाच्या रूपात अचानक वाढला, ओ३:के६. पुढच्या काही वर्षांत तो आग्नेय आशिया, जपान, अमेरिका, चिली असा जगभर पोचला. वेगवेगळ्या देशांत मिळालेले हे जंतू एकाच घराण्याचे, एसटी-३चे, आहेत हे सांगायला एमएलएसटी अगदी योग्य. पण मुंबईतल्या एखाद्या लग्नात चाळीस जण आजारी पडले तर कोळंबी की पनीर, हे तिच्याकडून कळणार नाही.

आणि मग जनुकसंच वाचणं स्वस्त झालं. सात जनुकं कशाला, सगळा धागाच वाचा. अमेरिकेने २०१३ मध्ये लिस्टेरिया या जीवाणूपासून सुरुवात केली, कारण लिस्टेरियाचे रुग्ण थोडे आणि मृत्यू जास्त. चूक परवडत नाही. १५ जुलै २०१९ पासून पल्सनेटने पीएफजीई बाजूला ठेवून पूर्ण जनुकसंच वाचन हीच आपली अधिकृत पद्धत केली. वीस वर्षं ज्या यंत्रांनी जेलं चालवली, ती झाकण घालून कोपऱ्यात गेली.

वाचलेला धागा ताडून पाहायच्या दोन रीती आहेत. एक, एका प्रमाण धाग्याशी लावून कुठे कुठे एखादं अक्षर बदललंय ते मोजायचं. दुसरी, एमएलएसटीचीच मोठी बहीण: सातऐवजी त्या जातीच्या जवळपास सर्व सभासदांत असलेली शेकडो-हजारो जनुकं घ्यायची. लिस्टेरियासाठी पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १,७४८ जनुकं निवडली आणि सातपर्यंत फरक असेल तर वाण एकच मानावा असं सुचवलं. पहिली रीत जास्त बारीक, दुसरीचे निकाल एका प्रयोगशाळेतून दुसरीत न्यायला सोपे. पुन्हा तोच प्रश्न, धार की शिस्त. आणि देशोदेशींच्या यंत्रणा बहुधा दोन्ही ठेवतात, एक शोधायला, दुसरी खात्रीला.

या पद्धतीचा कस लागला तो दक्षिण आफ्रिकेत. २०१७च्या मध्यापासून तिथे लिस्टेरियाचे रुग्ण वाढू लागले, आणि जवळपास निम्मे रुग्ण नवजात बाळं आणि गरोदर बायका होत्या. नोंदली गेलेली ही लिस्टेरियाची जगातली सर्वात मोठी साथ: हजाराहून जास्त रुग्ण, दोनशेहून जास्त मृत्यू. हा जंतू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत कित्येक आठवडे लागू शकतात. दोन महिन्यांपूर्वी काय खाल्लं होतं, हे तुम्ही तरी सांगू शकाल का? जोहान्सबर्गच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेने रुग्णांचे जंतू वाचायला घेतले, आणि नव्वद टक्क्यांहून अधिक एकाच घराण्याचे निघाले, एसटी-६. हा धागा फार मोलाचा होता. दहा कारखाने, शंभर दुकानं अशी विखुरलेली कारणं असती तर इतकी एकजिनसी टोळी दिसली नसती. म्हणजे देशभर माल जाणारी एकच जागा शोधायची.

तरीही ती जागा जनुकसंचाने दाखवली नाही. २०१८च्या जानेवारीत सोवेटोच्या एका पाळणाघरातली नऊ मुलं ताप आणि जुलाबांनी क्रिस हानी बरागवानाथ रुग्णालयात आली. तिथल्या डॉक्टरांना शंका आली आणि तपासनीस पाळणाघरात गेले. तिथल्या फ्रिजमध्ये पोलोनी होती, म्हणजे मांसाचा तयार, कापून खायचा जाड लांबोळा. तिथल्या गरिबांचं रोजचं, पावाबरोबरचं खाणं. त्या पोलोनीत लिस्टेरिया मिळाला, लेबलवरून कारखाना कळला, पोलोक्वाने गावातल्या त्या कारखान्याच्या फरशी-यंत्रांवरून नमुने घेतले, ते वाचले आणि रुग्णांच्या जंतूंशी जुळले. ४ मार्च २०१८ रोजी आरोग्यमंत्री अॅरन मोत्सोआलेदी यांनी कारखान्याचं नाव जाहीर केलं आणि माल परत मागवला गेला. त्यानंतर रुग्ण उतरणीला लागले. फ्रिज उघडणारा माणूस आणि धागा वाचणारं यंत्र, दोघांपैकी एक नसता तर हा निकाल लागला नसता.

पूर्ण जनुकसंच वाचला म्हणजे शंका संपली, असा जो समज आहे, त्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. फरक किती असला म्हणजे वाण वेगळा, याचा सर्व जीवाणूंना लागू पडेल असा एकही आकडा नाही. साल्मोनेलाच्या अख्ख्या धाग्यात वर्षाकाठी साधारण एक-दोन अक्षरं बदलतात. लिस्टेरिया तर एखाद्या कारखान्याच्या गटारात, गार आणि ओल्या जागी, वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचा रुग्ण आणि कालचा रुग्ण यांचे जंतू जवळपास सारखे निघू शकतात. उलट शेतातल्या तलावातून आलेल्या साथीत एका वेळी अनेक वाण मिसळलेले असतात. तिथे फरक जास्त दिसला म्हणून संबंधच नाही असं म्हणालात, तर खरा आरोपी सुटेल. आकड्याचा अर्थ ठरवायला तो जंतू कुठे राहतो, कसा पसरतो, हे माहीत असावं लागतं.

आता जर्मनीतल्या त्या पहिल्या काकडीकडे वळतो. स्पॅनिश काकडी सुटली त्याचं श्रेय प्रकार ओळखण्याच्या तपासणीला. रुग्णांकडचा जंतू ओ१०४:एच४ होता, काकडीवरचा वेगळा. या कामाला अख्खा जनुकसंच लागला नाही. सीरोटाइपनेच आरोपीला निर्दोष सोडलं. निर्दोष ठरवायला जाड चाळणी पुरते, दोषी ठरवायला बारीक लागते, हे या खटल्याइतकं स्पष्ट कुठे दिसत नाही. त्याच सुमारास चीनच्या शेनझेनमधल्या बीजीआय या संस्थेने हॅम्बुर्गच्या रुग्णालयासोबत या वाणाचा धागा काही दिवसांत वाचला आणि जूनच्या सुरुवातीला सगळ्या जगासाठी खुला केला. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यावर रात्री जागवल्या. हा जंतू आतड्याला घट्ट चिकटणाऱ्या एका घराण्यातला असून त्याने मूत्रपिंड बंद पाडणाऱ्या विषाचं जनुक एका विषाणूकडून उचललं आहे, हे कळलं. तो इतका घातक का, याचं उत्तर मिळालं. तो आला कुठून, याचं नाही.

ते मिळालं स्वयंपाकघरांत. बर्लिनच्या रॉबर्ट कॉख संस्थेच्या लोकांनी आजारी गिऱ्हाइकांना ‘काय काय खाल्लं?’ एवढंच विचारून भागत नाही हे ओळखलं. सॅलडवर शोभेला टाकलेल्या मोडांची आठवण कोणाला राहते? मग एका रेस्टॉरंटची बिलं काढली, कोणत्या गटाने कोणता पदार्थ मागवला ते पाहिलं, आणि आचाऱ्याला विचारलं की त्या पदार्थात नेमकं काय काय घालतोस. मोड आलेले दाणे ज्यांच्या ताटात होते त्यांना आजाराचा धोका सुमारे १४ पट निघाला. तो माल लोअर सॅक्सनीतल्या एका शेतावरून येत होता. रुग्णांचे ४१ वेगवेगळे गट त्या एका शेताशी जोडले गेले. जूनच्या अखेरीस फ्रान्समध्ये बोर्दोजवळही त्याच वाणाचे रुग्ण मिळाले, आणि दोन्हींच्या मुळाशी निघाली इजिप्तहून आयात केलेली मेथी. आपण मोडाची उसळ शिजवून खातो, तिकडे मोड कच्चेच सॅलडवर टाकले जातात. या साथीत जर्मनीत एकूण ३,८००हून अधिक माणसं आजारी पडली आणि पन्नासहून अधिक मेली. विशेष म्हणजे त्या बियाण्यांत तो जंतू प्रयोगशाळेत कधीच सापडला नाही. मेथी दोषी ठरली ती बिलं, आचाऱ्याची साक्ष आणि मालाच्या पावत्यांवरून.

नव्या पद्धतींनी एक नवी अडचणही आणली आहे. मोठ्या रुग्णालयांत आता शौचाच्या नमुन्यातून तासा-दोन तासांत ‘साल्मोनेला आहे’ असं सांगणारी पीसीआर चाचणी मिळते. डॉक्टरला एवढं पुरतं. पण या चाचणीत जंतू बशीत वाढवला जात नाही. वसाहत नाही, तर वाण ओळखायचा कशाचा? चाचणी जितकी झटपट, तितका साथीचा शोध लंगडा. म्हणून अमेरिकेत अशा चाचणीनंतरही नमुना वाढवण्यासाठी पुढे पाठवा असा आग्रह धरावा लागतो.

आपल्याकडे तर मुळात नमुनाच पुढे जात नाही. लग्नातली, वसतिगृहातली, आश्रमशाळेतली विषबाधा पेपरात येते, सलाईन लागतं, दोन-तीन दिवसांत सगळे घरी जातात, आणि बातमी ‘अन्नाचे नमुने तपासणीला पाठवले’ या वाक्यावर संपते. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३५ मध्ये डॉक्टरांनी अन्नविषबाधेची माहिती कळवावी, अशी तरतूद २००६ पासून आहे. जनुकसंच वाचणारी यंत्रंही देशात आहेत. कोविडच्या काळात ती किती वेगाने चालतात ते आपण पाहिलं. त्या यंत्रांपर्यंत जंतू पोचवणारी साखळी मात्र पहिल्याच कडीत तुटते, आणि ती पहिली कडी घरात, मांडवात आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात आहे.

तेव्हा जेवणावळीनंतर दोन-चार घरांत एकाच वेळी जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर उरलेलं अन्न घाईने फेकू नका. झाकून, चिठ्ठी लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि कोणालाही खाऊ देऊ नका. प्रकृतीला उसंत असेल तर अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी शौचाचा नमुना द्या आणि तो वाढवून तपासायला सांगा. आजारी पडलेल्यांनी आणि न पडलेल्यांनीही काय काय खाल्लं ते त्याच दिवशी कागदावर लिहा, आणि आरोग्य केंद्राला फोन करा.